रजोनिवृत्तीतील लठ्ठपणा आणि ड जीवनसत्त्व: या चुका टाळा

पन्नाशीच्या आसपासच्या लठ्ठ स्त्रीच्या रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघाले की ‘म्हणूनच वजन उतरत नाही’ असा निष्कर्ष घरातच निघतो, आणि आहारसल्ला देताना माझा बराच वेळ ही चुकीची समजूत दूर करण्यातच जातो. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते. शरीरात मेद जास्त असला की ते त्यात पसरते आणि रक्तातील पातळी खाली दिसते. पातळी कमी असण्याचे एक मोठे कारण स्वतः लठ्ठपणा आहे, हे आधी मान्य करावे. अमेरिकेत पाळी थांबलेल्या, वजन जास्त असलेल्या २१८ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम होता. निम्म्यांना वर्षभर रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी मिळाली. दोन्ही गटांत उतरलेल्या वजनात आणि मेदात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

या समजुतीतूनच दुसरी, अधिक घातक चूक होते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी लिहून दिली होती. काटा हलेना म्हणून त्यांनी तीच चिठ्ठी दाखवून पुड्या आणणे चालू ठेवले आणि पुढे त्या एक दिवसाआड दुधातून घेऊ लागल्या. मळमळ, बद्धकोष्ठता आणि सारखी तहान या तक्रारी त्यांनी पाळी जाण्याच्या खाती टाकल्या होत्या. मी त्यांना तातडीने डॉक्टरांकडे परत पाठवले. रक्तातील कॅल्शियम वाढलेले निघाले, आणि ते असेच वाढत राहिले असते तर मूत्रपिंडांवर बेतले असते. लठ्ठ व्यक्तीला मात्रा दुप्पट-तिप्पट लागू शकते हे खरे, परंतु ती पातळी पाहून डॉक्टरांनी ठरवायची असते. म्हणून पुडी घेण्याची आणि थांबवण्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहून घ्यायलाच लावते.

नुसत्या वजनकाट्यावर भरवसा ठेवणे हीदेखील चूकच आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्यावर मेद पोटाकडे सरकतो आणि स्नायू झिजतात, त्यामुळे काटा तोच असूनही शरीर बदललेले असते. मी महिन्यातून एकदा कंबर मोजायला सांगते. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. स्नायूंसाठी प्रत्येक जेवणात डाळ-उसळ, दही, अंडे यांपैकी काही भरपूर हवे आणि आठवड्यातून किमान दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम हवा. हे कष्टाचे असल्यामुळे अनेकजणी पुडीचाच आधार शोधतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी बंद काचेआडचे ऊन निरुपयोगी आहे. गोळी रिकाम्या पोटी न घेता जेवणासोबत घ्यावी. इंग्लंडमधल्या बहिणीच्या अहवालातील ७५ पाहून आपल्या ३० ची धास्ती घेऊ नये. तिथे एकक नॅनोमोल प्रति लिटर असते, आपल्याकडे बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि हे दोन्ही आकडे एकच पातळी सांगतात.