किरायाचं घर बघायला जाताना टेप सोबत ठेवा

नोकरी लागून इकडे येणाऱ्यांत दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातून आलेले शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाले असतात. त्यातल्या व्हीलचेअरवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "रॅम्पवालं घर मिळेल का?" मी साताऱ्याकडून यवतमाळ जिल्ह्यात नोकरीला आलो आणि इथलाच झालो, म्हणून सरळ सांगतो. नाही मिळणार. जे घर थोड्या रेती-सिमेंटमध्ये आपल्यालायक होईल ते शोधा, आणि भिंतीला छन्नी लावू देणारा मालक शोधा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचा धाक घालायला जाऊ नका. सरकारी कार्यालयं, शाळा, सार्वजनिक जागा यांच्या बाबतीत तो कामाचा आहे. खाजगी मालकाने स्वतःची पायरी फोडून द्यावी, असं त्यात नाही. इथे काम गोडीनेच होतं.

दलाल या गावांत नसतातच म्हणा. पानठेला, मेडिकलवाला, आणि सगळ्यात खात्रीच्या म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई. कोणाची खोली कधी रिकामी होणार हे त्यांना मालकाच्या आधी माहीत असतं. विचारताना मात्र "रॅम्प आहे का" असं विचारू नका, कोणालाच काही उमगत नाही. "रात्री मोटारसायकल घरात घेता का?" असं विचारा. ज्या घरात गाडी आत चढते तिथे पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार असतोच. तो अरुंद आणि उभा असतो, आपल्या चाकांना जसाच्या तसा चालत नाही. पण उंबरठा बहुधा आधीच काढलेला असतो, आणि उतार रुंद करा म्हटलं तर मालक दचकत नाही.

उताराचा हिशेब पाठ करा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांची एक पायरी म्हणजे सहा फूट, तीन पायऱ्या म्हणजे अठरा फूट. समोरचं आंगण आठ फुटांचं असेल तर तीन पायऱ्यांचं घर सोडा, किंवा उतार भिंतीला लागून वळवता येतो का बघा. वळणावर पाच बाय पाच फुटांची सपाट जागा लागते. मिस्त्री "एवढा लांब कायले पायजे सर?" म्हणेल आणि निम्म्यात उरकेल. बऱ्याच शाळांचे रॅम्प असेच उरकलेले आहेत, चढवायला दोन पोरं लागतात. त्याच्या शेजारी बसून राहा. वरून गुळगुळीत घोटाई करू देऊ नका, ओल्या सिमेंटवर खराट्याच्या रेघा ओढून घ्या.

पायऱ्या तरी सुधारता येतात. घर खरं अडतं ते संडासापाशी. गावातल्या पुष्कळ घरांत तो अंगणात किंवा मागे सांदवाडीत, म्हणजे परसात असतो, बारा हजारांच्या सरकारी अनुदानातून बांधलेला, खड्ड्यामुळे दोन पायऱ्या वर आणि आत खुर्ची वळणार नाही इतका लहान. अशा घराचा किराया कितीही कमी असो, हात जोडून निघा. घरातल्या घरात न्हाणी-संडास एकत्र असेल तर भारतीय भांडंही चालवून घेता येतं. वर ठेवायची कमोड खुर्ची जिल्ह्याच्या गावी सर्जिकलच्या दुकानात मिळते. दाराचं माप मात्र टेपनेच घ्या. अडीच फुटी चौकटीत, चौकट आणि दाराची जाडी वजा जाता, पंचवीस इंचही मोकळे उरत नाहीत आणि साधी व्हीलचेअर तेवढी तर रुंद असतेच. एखाद-दोन इंचांनी अडत असेल तर दार काढून पडदा लावा. सोडून जाताना दार परत बसवून देता येतं, त्यामुळे मालकही तयार होतो.

आता घराबाहेरचं. रस्ता आणि घर यांच्यामध्ये उघडी नाली असते आणि तिच्यावर एकच फरशी, तीही डुगडुगणारी. ती बदलून रुंद स्लॅब टाकून घ्या. जुन्या वस्तीत सिमेंट रोडवर पुन्हा सिमेंट रोड होऊन रस्ता घरांच्या बरोबरीला आलेला असतो. पायरीच नाही म्हणून आपण खूश होतो, पण जुलैत पाणी कुठे शिरतं ते शेजारच्या काकूंना विचारल्याशिवाय होकार देऊ नका. गावाबाहेरच्या लेआऊटमधली, म्हणजे नव्या प्लॉटांवरची घरं मोठी, कमोडची, मोकळी. तिथे अडचण काळ्या मातीची. विदर्भात शाळा राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे तुम्ही घर बघाल ते मे-जूनमध्ये. तेव्हा ती माती दगडासारखी कडक असते. दोन पाऊस पडले की चाकाला थर चढत जातो आणि खुर्ची जागची हलत नाही. दारापर्यंत मुरूम-गिट्टी किंवा डांबर नसेल, तर पावसाळ्यात ऑटो कुठपर्यंत येतो ते विचारा.

टिनाचं छत नकोच. पारा ४५च्या वर जातो, आणि मज्जारज्जूला वरच्या भागात इजा असेल तर घाम नीट येत नाही, अंग तापतच जातं. कुलर लावायची खिडकी बघा, पण त्याचा स्टँड सपरीतली, म्हणजे ओसरीतली वाट अडवत नाही ना, हेही बघा.

मालक आणखी एक सांगतील: "पायऱ्यांचं कायले टेन्शन घेता सर, आम्ही उचलून देतो नं." मनापासून म्हणतात, आणि उचलतातही. पण सोयाबीन कापणीला आणि कापूस वेचणीला सकाळीच गल्ली रिकामी होते, संध्याकाळपर्यंत हाकेला कोणी नसतं. त्या भरवशावर घर घेऊ नका. जात विचारतील, खाणंपिणं विचारतील. त्याचं काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

करार अकरा महिन्यांचा, लेखी आणि नोंदवलेला; नोंदणी ऑनलाइन होते. उताराचा खर्च कोणाचा, तो किरायातून कापायचा का, आणि घर सोडताना तोडायचा की ठेवायचा, हे त्यात लिहून घ्या. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. घरातल्या उतारासाठी तो मिळण्याची आशा धरू नका. नालीवरच्या स्लॅबसाठी सरपंचांकडे अर्ज मात्र जरूर द्या.

राहायला येण्याची तारीख मिस्त्रीला विचारूनच ठरवा. उन्हाळ्यात नव्या सिमेंटवर ओले बारदाने टाकून आठवडाभर पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. तेवढे दिवस तालुक्याला, तळमजल्यावरच्या लॉजमध्ये काढा.