सीडी४ मेला नाही, आत गेलाय: टी पेशींच्या प्रयोगात या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सीच्या मुलांचे प्रकल्प बघते. विषय असतो, रिसेप्टरमुळे (पृष्ठभागावरच्या संकेत पकडणाऱ्या प्रथिनामुळे) टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणारी पांढरी पेशी, कशी सक्रिय होते. आणि घाई झाली की नळीत पडतं पीएमए-आयोनोमायसिन, पेशी चेतवणाऱ्या रसायनांची जोडी. पीएमए थेट पेशीच्या आत जाऊन प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम चालू करतं, आयोनोमायसिन कॅल्शियम वाढवतं. पेशी सक्रिय होते, आकडे छान येतात. पण ज्याचा अभ्यास करायचा तो टी पेशी रिसेप्टर बाजूलाच राहतो.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी रडवेली होऊन आली. "मॅडम, माझ्या सीडी४ पेशी सगळ्या मेल्या." सीडी३, सीडी४, सीडी८ ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं: सीडी३ सगळ्या टी पेशींवर, सीडी४ आणि सीडी८ त्यांच्या दोन मुख्य गटांवर. पेशी मोजणाऱ्या यंत्राचा आलेख पाहिला. कंट्रोलमध्ये सीडी४चा ठसठशीत पुंजका, पीएमएच्या नळीत तो जवळजवळ गायब. पण व्हायबिलिटी डाय (मेलेल्या पेशी ओळखणारा रंग) सांगत होता की पेशी जिवंत आहेत. मग सीडी३ असलेल्या आणि सीडी८ नसलेल्या पेशी मोजायला लावल्या. बहुतेक सगळ्या तिथेच होत्या. पीएमएमुळे पेशी सीडी४ पृष्ठभागावरून आत ओढून घेते. हे माहीत नसल्यामुळे पोरीचा आठवडा गेला.

पेशी चेतवायला मी अँटि-सीडी३ आणि अँटि-सीडी२८ या दोन्ही अँटिबॉडी (त्या त्या प्रथिनाला चिकटणारी प्रथिनं) लावते, पीएमएची एकच नळी पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून. पेशी सक्रिय झाल्याच्या खुणांपैकी सीडी६९ काही तासांत दिसतो, सीडी२५ला साधारण एक दिवस द्यावा लागतो. दोन्ही त्याच दुपारी हवे असतील तर प्रयोगाला हात लावू नका.

"सीडी२८ कशाला, सीडी३ पुरे की," हेही नेहमीचं. सीडी२८कडून येणारा दुसरा संकेत मिळाला नाही तर टी पेशी निष्क्रिय होऊन बसू शकते. आणि सीडी२८ला दुय्यम समजणाऱ्यांनी २००६ची लंडनची चाचणी वाचावी. सीडी२८ला चेतवणारं टीजीएन१४१२ हे औषध दिलेले सहाही निरोगी स्वयंसेवक सायटोकाइनच्या (पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक प्रथिनांच्या) वादळामुळे अतिदक्षता विभागात गेले होते.

मॅक्रोफेज (भक्षक पेशी) भांड्याच्या तळापासून ट्रिप्सिनने, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने, सोडवू नका. त्यांची ओळख पटवणारा सीडी१४ कापला जातो. थंड ईडीटीए वापरा, हलक्या हाताने खरवडा. एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू न देणारं द्रव्य) विसरू नका.

मे महिन्यात उघड्या टेबलावर अँटिबॉडी तर लावूच नका. उबेत पेशी अँटिबॉडीसकट रिसेप्टर एका टोकाला गोळा करते आणि आत घेते. आपल्याकडे बर्फाचं बघता बघता पाणी होतं, म्हणून मी बर्फाचा दुसरा डबा भरून ठेवल्याशिवाय इनक्यूबेटर उघडत नाही.