दारावरचा एक्स: घरी शिकणाऱ्या मुलांच्या भेटी कशा आखायच्या

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मी अपंग मुलांची विशेष शिक्षिका आहे. शाळेपर्यंत पोचू न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवते. माझी जाऊ गावातली ‘आशा’, म्हणजे आरोग्य कार्यकर्ती आहे. पल्स पोलिओच्या फेरीत एकदा तिच्यासोबत हिंडले आणि माझ्या कामाची रीतच बदलली. या कामात नव्याने आलेल्यांसाठी ती लिहून ठेवते.

पोलिओच्या फेरीत दारावर खडूने खूण होते. सगळ्या पोरांना थेंब मिळाले तर ‘पी’, एखादं राहिलं तर ‘एक्स’. मग एक्स-घरांची यादी निघते आणि तिथे पुन्हा जायचं. 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडलेला पोलिओचा रुग्ण देशातला शेवटचा ठरला, त्यामागे अशा परत मारलेल्या फेऱ्याही आहेत.

तुम्हीही यादी घरांची करा. शाळेच्या पटावर नसलेलं मूल पटावरून कसं सापडणार? आशाताई, अंगणवाडीताईंना सोबत घ्या. “घरात अपंग कोणी आहे का?” असं विचारलं की लोक नाही म्हणतात. “हाक मारली तरी वळत नाही, दोन वर्षांचं झालं तरी चालत नाही, असं लेकरू आहे का?” असं विचारा. वहीत एका घराला एक पान. मूल भेटलं नाही तर एक्स, आणि शेजारी कारण. माझे बहुतेक एक्स मोहफुलं, तेंदूपत्ता आणि रोवणीच्या दिवसांतले निघाले. मोहाला घर पहाटेच रिकामं होतं, म्हणून तेव्हा दुपारी जाते, रोवणीत दिवेलागणीला.

आता शिकवण्याचं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या एका मुलाच्या आराखड्यात मी बारा उद्दिष्टं लिहिली होती. तीन महिन्यांनी त्याची आजी म्हणाली, “मॅडम, येवढं सारं मले ध्यानात राहात नाई. एकच सांगा, मी रोज करतो.” मला फार वाईट वाटलं, कारण तीन महिने मुलाचे गेले होते. टीबीच्या ‘डॉट्स’ या उपचारपद्धतीत गोळी कोणाच्या तरी डोळ्यांदेखत घेतात. तसंच ठरवलं: एक उद्दिष्ट, एक वेळ, पाहणारं एक माणूस. रात्रीच्या जेवणात मुलाने घास स्वतः तोंडापर्यंत न्यायचा आणि आजीने जवळ बसायचं. आधी गिळताना ठसका लागत नाही ना, ते पाहिलं. भिंतीच्या कोपऱ्यात गोधडीची घडी लावून पाठीला आधार दिला, मान सरळ राहील अशी.

आजीला हे जमतं, पण नीट शिकवलं तर. आमच्याच जिल्ह्यात डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यूदर हजारी 62 वरून सुमारे 25 वर आला. 1999 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या बायकांना नीट शिकवलं होतं, हाती साधनं दिली होती, कामावर नियमित नजर होती. हे तिन्ही नसताना “आईला सांगून आले” एवढ्यावर थांबू नका. मी आजीसोबत चार रात्री बसले, मग, तिला लिहिता येत नाही म्हणून, मोजायला चिंचोके दिले. घास तोंडात गेला की एक चिंचोका डब्यात. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन पडायचे, सहाव्यात नऊ.

एक गोष्ट मात्र आरोग्यखात्याकडून घेऊ नका. पोलिओचे थेंब सगळ्यांना सारखे, उद्दिष्ट तसं नसतं. शेजारच्या गावातल्या मुलीला घासाची गरजच नव्हती. तिला संडासाला जायचंय हे खुणेने सांगता यायला हवं होतं. आणि अपंगत्व हा रोग नाही, तो बरा करायला आपण जात नाही. घरच्यांना हे पहिल्याच भेटीत, शांतपणे सांगा, नाहीतर ते औषधासारखी वाट पाहत बसतात.

सलग दोन आठवडे चिंचोके वाढले नाहीत तर आजीला बोलू नका. उद्दिष्टाचा तुकडा पाडा: घास उचलणं नंतर, आधी हात वाटीपर्यंत नेणं. त्यालाही चिंचोका पडू द्या.