बेरिअम-१३७एमचं अर्धायुष्य कसं मोजावं, आणि उत्तर चुकलं तर कुठे शोधावं

एका तासिकेत अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ, मोजायचं, तर डोळ्यांदेखत निम्मा होणारा पदार्थ हवा. कोबाल्ट-६० ला निम्मं व्हायला ५.२७ वर्षं लागतात, सिझिअम-१३७ ला सुमारे ३० वर्षं. पण सिझिअम-१३७ बीटा कण बाहेर टाकतं तेव्हा शंभरातल्या सुमारे ९५ वेळा त्यातून उत्तेजित अवस्थेतलं बेरिअम-१३७एम तयार होतं. हे बेरिअम ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडून स्थिर होतं आणि त्याचं अर्धायुष्य अवघं १५३ सेकंद असतं. मोजायला याहून सोयीचा पदार्थ क्वचितच मिळेल.

लागणारं साहित्य असं: सिझिअम-बेरिअम जनरेटर (आत सिझिअम धरून ठेवणारी, त्यातून तयार झालेलं बेरिअम धुऊन काढता येणारी छोटी डबी; शैक्षणिक संचात साधारण ३७० किलोबेकरेलची, म्हणजे सेकंदाला ३ लाख ७० हजार क्षयांची), किरणोत्सार टिपणारी पातळ खिडकीची गायगर-म्युलर नळी आणि गणक, धातूची छोटी थाळी, स्टॉपवॉच, हातमोजे, चष्मा आणि शोषक कागद अंथरलेला ट्रे. बेरिअम धुऊन काढायला जनरेटरसोबत आलेलाच द्राव वापरा. त्यात ०.९ टक्के मीठ आणि ०.०४ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आम्लाची तीव्रता मनाने बदलली, तर सिझिअमही सुटून थाळीत उतरू शकतं.

आधी पार्श्वभूमी, म्हणजे थाळी नसतानाही नळी टिपते तो आसपासचा किरणोत्सार, मोजा. जनरेटर प्रयोगभर जिथे राहणार आहे तिथेच, नळीपासून शक्य तितका लांब ठेवा आणि १० मिनिटं मोजणी घ्या. समजा २४० आली, म्हणजे दर २० सेकंदांना ८. एका मिनिटावर भागवू नका: २४ च्या मोजणीत जवळपास ±५ अनिश्चितता असते, म्हणजे २० टक्के. २४० वर तीच ±१५, म्हणजे ६ टक्के होते.

आता सिरिंजने द्राव जनरेटरमधून त्यावरच्या बाणाच्या दिशेने थाळीत, थेंब थेंब पडेल इतक्या सावकाश ढकला. १ ते २ मिलिलिटर पुरे. जोर लावू नका. थाळी नळीच्या खिडकीखाली १-२ सेंटिमीटरवर ठेवा आणि त्यानंतर तिला हात लावू नका, कारण काही मिलिमीटर सरकली तरी मोजणी बदलते. जनरेटर लगेच आधीच्या जागी ठेवा.

२० सेकंद मोजा, १० सेकंदांत नोंद करा, आणि असं १० मिनिटं चालू ठेवा. मोजणीचा आकडा २० सेकंदांच्या सुरुवातीच्या वेळेवर मांडायचा की मधल्या, असा प्रश्न नेहमी पडतो. सगळे टप्पे सारख्या लांबीचे असतील तर काहीही निवडा, उतार तोच येतो.

प्रत्येक मोजणीतून पार्श्वभूमीचे ८ वजा करा, उरलेल्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिथम घ्या आणि वेळेसमोर आलेख काढा. ३० व्या सेकंदाला ७.३१ आणि ३३० व्या सेकंदाला ५.९५ अशी रेषा गेली, तर क्षयांक (रेषेचा उतार) १.३६ ÷ ३०० = ०.००४५३ प्रति सेकंद, आणि अर्धायुष्य ०.६९३ ÷ ०.००४५३ = १५३ सेकंद. मोजणी कुठे निम्मी झाली ते दोन आकड्यांवरून शोधण्याचा मोह टाळा. प्रत्येक आकड्यात यादृच्छिक चढउतार असतो: १६०० वर ±४०, म्हणजे अडीच टक्के, पण १०० वर ±१०, म्हणजे पूर्ण १० टक्के. म्हणून रेषा जुळवताना शेवटच्या बिंदूंना कमी वजन द्या.

उत्तर १६०-१७० सेकंद आलं तर? नेहमी होणाऱ्या दोन्ही चुका उत्तर वाढवतातच. पार्श्वभूमी वजा करायची राहिली की आलेखाचं शेपूट आडवं होतं. दुसरी चूक सुरुवातीला होते. प्रत्येक नोंदीनंतर नळी सुमारे १०० मायक्रोसेकंद काहीच टिपत नाही, या काळाला मृतकाल म्हणतात. सेकंदाला १००० मोजणी दिसली तर खरी असते १००० ÷ (१ − १००० × ०.०००१), म्हणजे सुमारे ११११. सेकंदाला ८० मोजणीवर हा तोटा एक टक्क्याहूनही कमी असतो, तिथे तो सोडून दिला तरी चालतं. रेषा कोणत्या टोकाला वाकली आहे ते पाहिलं की दोषी कोण ते कळतं.

उत्तर १५३ पेक्षा बरंच कमी आलं, तर बहुधा पार्श्वभूमी मोजताना जनरेटर जवळ होता आणि नंतर लांब नेला गेला, त्यामुळे प्रमाणाबाहेर वजाबाकी झाली.

थाळीवर २ मिलिमीटर ॲल्युमिनिअमचा पत्रा धरला की मोजणी चांगलीच घटू शकते. त्यावरून आपण सिझिअमचे बीटा कणच मोजत होतो असा निष्कर्ष काढू नका. सुमारे दहातल्या एका वेळी बेरिअमची ऊर्जा गॅमाऐवजी त्याच अणूतल्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो बाहेर फेकला जातो. गायगर नळी खिडकीतून आत आलेला जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉन टिपते, गॅमा मात्र शंभरातला एखादाच. त्यामुळे संख्येने थोडे असलेले हे इलेक्ट्रॉन मोजणीत भरपूर दिसतात. पत्र्यातून पार होतो तो गॅमा. तो निम्मा करायला सुमारे साडेसहा मिलिमीटर शिसं लागतं. पत्रा ठेवून किंवा काढून अर्धायुष्य मात्र तेच येतं, फक्त मधेच पत्रा बदलू नका.

पुन्हा प्रयोग करायचा असेल तर जनरेटरला १५ मिनिटं द्या. तेवढ्यात बेरिअम ९८ टक्के भरून येतं. थाळीतला द्राव टाकण्याआधी अर्धा तास थांबा आणि परत मोजा. तोवर बेरिअम तीन हजार पटींहून जास्त घटलेलं असतं. तरीही मोजणी पार्श्वभूमीवर उतरली नसेल, तर सिझिअम गळलं आहे. तो द्राव नळात ओतू नका, बाटलीत बंद करून खूण करा आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्या. जनरेटरही वापरातून काढा.