डेन्मार्कमध्ये पीएचडी करायचीय? अर्ज करताना या चुका टाळा

"तिकडे स्कॉलरशिप मिळते का?" डेन्मार्कमधल्या पीएचडीबद्दल मुलं पहिल्यांदा हेच विचारतात, आणि शोध तिथेच चुकीच्या वाटेला लागतो. तिथे पीएचडीची जागा ही बहुधा तीन वर्षांची पगारी नोकरी असते. पगार सामूहिक करारानुसार (कर्मचारी संघटनांशी झालेल्या करारानुसार) ठरलेला, वर पेन्शनचा वाटा, आणि फी नाही. म्हणून स्कॉलरशिपच्या याद्या धुंडाळण्यापेक्षा विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर नोकरीच्या जाहिराती बघा. विद्यापीठं आठच आहेत: कोपनहेगन, ऑर्हूस, ऑलबोर्ग, रोस्किल्ड, ओडेन्सला मुख्यालय असलेलं दक्षिण डेन्मार्क, लिंगबीचं डीटीयू (डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ), कोपनहेगन बिझनेस स्कूल आणि आयटी विद्यापीठ. आठवड्यातून एक संध्याकाळ काढली तरी सगळी बघून होतात.

पन्नास प्राध्यापकांना एकच ईमेल

'रिस्पेक्टेड सर' म्हणून सुरू होणारं आणि कुणालाही चालेल असं पत्र वाचलंच जात नाही. जाहिरातीत संपर्कासाठी नाव दिलेलं असतं. त्या व्यक्तीला प्रकल्पाबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. अर्ज मात्र पोर्टलवरूनच करायचा. ईमेलने पाठवलेला सहसा धरत नाहीत.

कागदपत्रं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माझा पहिला अर्ज यातच बाद झाला: एम.एस्सी.च्या गुणपत्रिका जोडल्या, बी.एस्सी.च्या राहून गेल्या. मुदतीनंतर काही जोडता येत नाही, आणि अपुरा अर्ज तज्ज्ञांपर्यंत पोचतच नाही. दोन्ही पदव्यांच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये, क्रमाने लावा. गुणपत्रिकेच्या मागे छापलेला श्रेणींचा तक्ताही आठवणीने स्कॅन करा. डेन्मार्कच्या सात श्रेणींत सर्वोच्च 12 आणि तळाला उणे 3. आपल्याकडे 60 टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते, हे तिथल्या वाचणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. तक्ता नसेल तर तुमचे 68 टक्के त्याला बेताचे वाटू शकतात.

पदवी प्रमाणपत्र हातात आलं नसलं म्हणून थांबू नका. मास्टर्स पूर्ण होण्याआधीही अनेक जागांसाठी अर्ज चालतो, फक्त रुजू होण्याआधी पदवी मिळालेली लागते. नुसत्या बी.ई.वर मात्र तीन वर्षांची नेहमीची जागा मिळणं अवघड. त्यासाठी दोन वर्षांच्या मास्टर्सच्या तोडीची पदवी मागतात. एम.टेक. किंवा एम.एस्सी. असेल तर ही अडचण येत नाही.

मुदत आणि घड्याळ

मुदत डेन्मार्कच्या वेळेनुसार असते. तिथले रात्रीचे 23:59 म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे 4:29, उन्हाळ्यात 3:29. पण त्या भरवशावर राहू नका, दोन दिवस आधीच अर्ज टाका. आणि पीएचडीच्या जागेला अर्जाची फी नसते. त्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पहिल्याच फेरीत नकार येत असेल तर

आधी स्वतःचं पत्र काढून वाचा. त्यातलं प्रकल्पाचं नाव बदलून ते दुसरीकडे जसंच्या तसं पाठवता येत असेल, तर दोष तिथेच आहे. जाहिरातीतल्या एकेका अपेक्षेसमोर तुम्ही प्रत्यक्ष केलेलं काम लिहा: कोणतं उपकरण हाताळलं, कोणता कोड लिहिला, प्रबंधात काय हाती लागलं. निम्म्या अपेक्षांसमोर लिहायला काहीच नसेल, तर ती जाहिरात सोडून पुढची उघडा.