ई-बाईकचे नियम लिहायला बसलात तर

समजा तुमच्याकडे ई-बाईक, ई-स्कूटर वगैरे हलक्या गाड्यांच्या नियमांचा मसुदा करायचं काम आलंय, किंवा मसुदा आलाय आणि त्यावर हरकती पाठवायच्यात, तर पहिल्याच ओळीतून 'ई-बाईक' हा शब्द काढा. आपण बाईक म्हटलं की मोटरसायकल धरतो, दुसरा कोणी पॅडलवाली सायकल धरतो, आणि मग एकाच नियमात वीस किलोची सायकलही येते आणि ताशी ६० नी पळणारी गाडीही, आणि सायकलवाल्या आजींना लायसन्स मागितलं जातं.

त्याऐवजी दोन आकडे लिहा, वजन आणि जास्तीत जास्त वेग. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ताशी २५ किमीवरून ४५ ला गेलात तर वेग पावणेदोन पटीच्या आसपास पण धडक जवळजवळ सव्वातीन पट. म्हणून पायऱ्या वेगावर पाडायच्या, आणि सगळ्यात खालच्या पायरीला अगदी साध्या सायकलइतकं मोकळं ठेवायचं, ना रजिस्ट्रेशन ना लायसन्स ना इन्शुरन्स. युरोपियन युनियनमध्ये ही पायरी २५० वॅट आणि २५ किमीला आहे, पॅडल मारलं तरच मोटर मदत करते, आणि ४५ पर्यंत जाणारी सायकल तिथे सरळ मोपेडच्या गटात पडते. भारतातही आकडे जवळपास तेच, शिवाय बॅटरी सोडून ६० किलोची वजनमर्यादा. अमेरिकेत २००२ च्या केंद्रीय कायद्यात ७५० वॅट आणि ताशी २० मैल आहे, मग कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये तीन वर्ग केले, पॅडल असिस्ट (पॅडल मारलं तरच मोटर) २० मैल, थ्रॉटल (पॅडल न मारता, मूठ पिळून) २० मैल, पॅडल असिस्ट २८ मैल, आणि पुढे बऱ्याच राज्यांनी तेच उचललं.

वॅटवर सगळे भांडतात, पण आकड्यापेक्षा तो कसा मोजायचा ते लिहिणं महत्त्वाचं आहे. रेटेड म्हणजे मोटर सतत देऊ शकेल ती पॉवर, पीक म्हणजे थोडा वेळ देते ती, आणि २५० वॅट रेटेडची मोटर चढावर त्याच्या दुप्पट देताना दिसते, यात फसवणूक काही नाही. मोजायची पद्धत लिहिली नाही तर प्रत्येक कंपनी सोयीचा आकडा छापणार. आणि जरा हिशोब करून बघा, माणूस, सायकल आणि सामान मिळून १५० किलो, ८ टक्क्यांचा चढ, वेग फक्त ताशी १०, तर नुसतं वर चढायलाच सव्वातीनशे वॅट लागतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, वेगावर कडक राहा, पॉवरवर थोडे सैल राहा, निदान सामान वाहणाऱ्या कार्गो बाईकना तरी, नाहीतर ज्यांनी कार विकून सायकल घ्यावी असं आपल्याला वाटतं त्यांनाच आपण चढावर अडकवतो.

आता खरी अडचण. दुकानात २५ ची म्हणून विकलेली गाडी घरी आणून ॲपमधून किंवा एक वायर काढून ४५ ची होते, आणि मग पकडला जातो तो चालवणारा, बरेचदा डिलिव्हरी करणारा पोरगा, ज्याला गाडी तशीच मिळालेली असते. याचा मला मनापासून राग येतो. जबाबदारी वरून खाली लिहा, आधी बनवणारा आणि आयात करणारा, मग विकणारा, शेवटी चालवणारा. वेगाची मर्यादा कंट्रोलरमध्येच, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या सर्किटमध्येच हवी, ग्राहकाला उघडता येईल असा 'ऑफ-रोड मोड' नको, अनलॉक किट विकणं हाच गुन्हा ठरवा, आणि फ्रेमवर न निघणारी पट्टी असू दे ज्यावर वर्ग, रेटेड पॉवर, वेग आणि वजन लिहिलेलं असेल. कुठलंही कलम लिहून झालं की स्वतःला विचारा, रस्त्यावर उभा असलेला पोलीस हे पाच मिनिटांत तपासू शकेल का? नसेल तर ते कलम कागदावरच राहणार.

बॅटरीला वेगळं प्रकरण द्या, वाहतुकीच्या नियमात कोंबू नका, कारण आग रस्त्यापेक्षा घरात लागली तर जास्त माणसं अडकतात. स्वस्त सेल, दुरुस्त करून परत जोडलेले पॅक, दुसऱ्याच गाडीचा चार्जर, कामचलाऊ बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट), आणि एक सेल तापला की शेजारचाही पेटतो, विझवणं अवघड होऊन बसतं. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून विक्री आणि भाड्याच्या ई-बाईकला यूएल २८४९ आणि बॅटरीला यूएल २२७१ हे सुरक्षेच्या चाचणीचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. नुसती बंदी घालाल तर जुन्या बॅटऱ्या लपून जिन्याखाली चार्ज होतील, म्हणून जुनी देऊन प्रमाणित घ्यायची सोय आणि उघड्यावर चार्जिंगची जागा त्याच मसुद्यात लिहा.

फुटपाथवर नाही, हे सरळ लिहा. जपानने जुलै २०२३ पासून ई-स्कूटरसारख्या छोट्या गाड्यांना काही फुटपाथवर परवानगी दिली, पण ताशी ६ किमीच्या मोडमध्ये, हिरवा दिवा लुकलुकत ठेवून, म्हणजे लांबून ओळखता येतं. मधल्या पायरीसाठी जर्मनीचा मार्ग मला आवडतो, २०१९ पासून ई-स्कूटरला २० किमीची मर्यादा आणि मागे इन्शुरन्सचा छोटा स्टिकर, लायसन्स नाही.

भाड्याच्या स्कूटर आणताय तर पार्किंगच्या जागा आधी आखा. पॅरिसमध्ये एप्रिल २०२३ ला मतदान झालं, जेमतेम साडेसात टक्के लोक आले आणि त्यातले सुमारे ८९ टक्के विरोधात गेले, सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटर बंद, स्वतःच्या मात्र चालू.

कुठल्याच पायरीत न बसणाऱ्या गाड्यांसाठीही एक दार ठेवा, पण चाचणीशिवाय आत घेऊ नका, विशेषतः त्यात मुलं बसणार असतील तर. नेदरलँड्समध्ये ऑस इथे सप्टेंबर २०१८ मध्ये मुलांना नेणारी स्टिंट नावाची विजेवरची गाडी रेल्वे क्रॉसिंगवर ट्रेनखाली आली, चार मुलं गेली, आणि त्यानंतर त्या गाड्या रस्त्यावरून काढून अशा वाहनांची मंजुरी कडक करावी लागली.

आणि हे सगळं लागू करायच्या आधी अपघाताच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून घ्या, गाडी कुठल्या वर्गाची होती आणि तिचा वेगाचा लॉक काढलेला होता का. तो रकाना नसेल तर दोन वर्षांनी नियम तपासायला बसाल तेव्हा अनलॉक केलेली ६० ची गाडी आणि आजींची सायकल पुन्हा एकाच आकड्यात मोजलेली असेल.