वाल्पारईत सिंहपुच्छ माकडं पाहायला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक तमिळनाडूत, वाल्पारईच्या वाटेवरच्या पोल्लाचीच्या बाजारातच होते. केळ्यांची फणी घेतली जाते, ‘माकडांना होईल’ म्हणून.

पुढचं ठरलेलं. आळियारपासून 40 हेअरपिन वळणं चढून गाडी वाल्पारईला येते, पुदुथोट्टमच्या मळ्याजवळ रस्त्यालगत कळप दिसतो, काच खाली होते, केळं बाहेर पडतं. माकड उतरतं, मोबाइल निघतात. मुळात हे झाडाच्या शेंड्यांवर फळं आणि किडे खाऊन जगणारं जनावर, जमिनीवर क्वचितच यायचं. रस्त्यावर आयतं मिळतं हे एकदा कळलं की गाडीचा आवाज ऐकून उतरतं. तुमची गाडी थांबलेली असते. वळणावरून येणारा टेम्पो थांबत नाही. मादीला दोन पिल्लांमध्ये साधारण अडीच वर्षं लागतात, म्हणजे चिरडलेल्या एका मादीची भरपाई किती वर्षांत होते ते मोजा. इथे रस्त्याच्या वर झाडाझाडांत माकडांसाठी झुलते पूल बांधलेत ते याचसाठी. ‘एकाच बिस्किटाने काय होतंय?’ असं विचारणाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयात जावं.

खाणं झाकणाच्या डब्यात, डबा डिकीत. कळप रस्त्यावर असेल तर गाडी अगदी हळू पुढे काढा, रुंद जागी लावा आणि चालत मागे या. किमान दहा मीटर लांब राहा. ते जवळ आले तर तुम्ही मागे सरा.

दुसरी चूक ओळखण्याची. काळं दिसलं की सिंहपुच्छ, असं नसतं. निलगिरी वानरही काळंच. पण त्याचं डोकं पिवळट तपकिरी, शेपूट लांबलचक. सिंहपुच्छाच्या चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ असते, शेपूट त्यामानाने आखूड, टोकाला गोंडा. पुस्तकांत ‘सिंहपुच्छ वानर’ छापतात, पण गालात पिशव्या असलेलं हे माकडच; वानराला त्या नसतात. गाल फुगवून बसलेलं दिसलं की शंका मिटली.

सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. आपले आजार त्यांना लागतात. डोळ्याला डोळा भिडवून दात दाखवत हसू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. हळद लावून बसू नका.

पावसाळ्यात जळवा रोखणारे मोजे घाला. वाल्पारईऐवजी कर्नाटकात शरावतीच्या खोऱ्यात जाणार असाल तर गोचिडांची काळजी घ्या. गोचिडांमुळे होणारा माकडताप म्हणजे काय ते सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकरांना विचारा.

चहाच्या मळ्यात परवानगीशिवाय घुसू नका. जागा खाजगी आहे, शिवाय तिन्हीसांजेला हत्ती आणि बिबटे तिथूनच जातात.

फोटोचं म्हणाल तर फ्लॅश बंद. काळे केस फ्रेमभर असतील तर कॅमेरा फसतो आणि आयाळ पांढरीफटक करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, पाऊण स्टॉप (कॅमेऱ्यातलं त्याचं माप) कमी करा. मागे आकाश असेल तर उलट एक स्टॉप वाढवा.